कबूल म्हणण्याआधी

लखनौमधल्या आमच्या मराठी मंडळात माझी ओळख आता 'कोर्टवाल्या वहिनी' अशी झाली आहे. कुणाच्या भाच्याचं नाव पोलीस ठाण्यात गेलं, कुणाच्या जावयानं कुणाला गाडी ठोकली, की फोन मला येतो. वास्तविक मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. कायद्याचं पुस्तक मी आयुष्यात उघडलेलं नाही. पण जे थोडंफार शिकले ते अंगावर आल्यामुळे शिकले, म्हणून सगळ्यांना फुकट वाटते आणि वाटताना थोडी ओरडतेही. एफआयआर झाला म्हणजे माणूस गुन्हेगार ठरत नाही, हे सांगते. अटकेनंही ठरत नाही. लोकांना ते पटतं. मग मी म्हणते, "पण दंड भरून मोकळे व्हायला जाऊ नका, तसं कुणी मोकळं होत नाही." यावर समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे काय हो?" आणि मला आमची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. नवरा हवाई दलात. त्याची शेवटची बदली लखनौला झाली, मलाही बँकेनं इथे बदली दिली, आणि त्याच्या निवृत्तीनंतर आम्ही सरोजिनी नगरमध्ये, कानपूर रोडपासून जरा आत, घर बांधून इथलेच झालो. घरावरून विमानं इतक्या खालून जातात की बोलणं मध्येच थांबवून ती जाऊ द्यावी लागतात. आमचा एकुलता एक मुलगा त्या आवाजातच वाढला. शाळेत असल्यापासून त्याचं एकच चालू होतं, विमानांच्या दुरुस्तीचं शिकायचं आणि इथेच अमौसीच्या विमानतळावर कामाला लागायचं. मी त्याच्याशी मराठीत बोलते, तो मला हिंदीत उत्तर देतो. भांडणंही तशीच होतात, आणि आमच्या घरी भांडणं बरीच होतात, कारण माझा स्वभाव.

तर दसरा. दसऱ्याला आपल्याला आपट्याची पानं लागतात, आणि लखनौच्या बाजारात ती मिळत नाहीत. मंडळातल्या कुणाला तरी फार पूर्वी मलिहाबादच्या बाजूला एका आंब्याच्या बागेच्या बांधावर आपट्याचं झाड दिसलं होतं. तेव्हापासून दर वर्षी कुणीतरी तिथे जायचं, बागेच्या मालकांना विचारायचं आणि चार फांद्या घेऊन यायचं. मालक हसून म्हणायचे, "ले जाइए, इसे तो बकरी भी मन से नहीं खाती." त्या वर्षी हे काम आमच्या मुलाकडे आलं. शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं त्याचं. झाड कुठे आहे ते त्याला सगळ्यांनी सांगितलं. आधी जाऊन विचारायचं असतं, हे सांगायचं सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं.

मालकांनी बाग त्या वर्षी ठेक्यानं दिली होती आणि रखवालदार नवा होता. बागेतून ओलं लाकूड चोरीला जात होतं म्हणून त्याला मुद्दाम ठेवलेला. त्यानं सकाळी पाहिलं तर एक तरणाताठा मुलगा कोयता घेऊन झाडावर. त्यानं खालून पाय धरला. आमच्या मुलानं उडी मारली. ओढाताण झाली, मुलानं हात सोडवायला धक्का दिला आणि रखवालदाराचं डोकं बांधाच्या दगडावर आपटलं. रक्त यायला लागलं. मुलगा पळाला नाही. आपला शर्ट काढून त्याच्या डोक्याला बांधला, त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे टाके पडले आणि तिथेच पोलीस आले.

मी ठाण्यात पोचले तेव्हा दरोगाजी मुलाला पुन्हा पुन्हा विचारत होते, "पत्ती के लिए? सिर्फ़ पत्ती के लिए?" लाकडासाठी झाडावर चढणारा माणूस त्यांना समजत होता, पानांसाठी चढणारा समजत नव्हता. मीही सांगून पाहिलं, पण रागाच्या भरात माझी हिंदी बिघडते आणि आवाज चढतो, त्यामुळे उपयोग झाला नाही. कागदावर आलं ते लाकडाची चोरी आणि मारहाण. दसऱ्याला आमचा मुलगा कोठडीत होता. नवऱ्यानं त्या दिवशी पूजा केली, नैवेद्य दाखवला, आणि आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

जामीन झाला. त्यात एक अट होती की तक्रारदारावर, साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही. मी म्हणत होते, त्या माणसाच्या डोक्याला टाके पडलेत, एकदा जाऊन विचारपूस तरी करून येऊ. नवरा म्हणाला, "ऑर्डर म्हणजे ऑर्डर. त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही." हवाई दलात आयुष्य काढलेल्या माणसाशी ऑर्डर या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो. घातला मी, तो भाग वेगळा. आम्ही मलिहाबादचा रस्ताच सोडला.

पुढे आरोपपत्र आलं, तारखा सुरू झाल्या. आमचे वकील माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त त्यांच्या हाताशी कामं फार. एका तारखेला घाईघाईत येऊन म्हणाले, "छोटा मामला है. जुर्म कबूल कर लो, जुर्माना भरो, आज ही ख़त्म." आणि दुसऱ्या कोर्टाकडे पळाले.

नवऱ्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी खुलला. हे त्याच्या ओळखीचं होतं. नोकरीत चूक झाली की साहेबांपुढे मार्च करत जायचं, 'येस सर' म्हणायचं, मिळेल ती शिक्षा घ्यायची आणि बाहेर येऊन सगळ्यांबरोबर चहा प्यायचा. तो विषय पुन्हा कुणी काढत नसे. कारणं सांगत बसणाऱ्याला तिथे कुणी विचारत नसे. त्याच हिशेबानं तो व्हरांड्यातल्या बाकावर मुलाला मराठीत पढवायला लागला. "न्यायाधीश विचारतील, आरोप मान्य आहे का? मान वर ठेवायची आणि एका दमात 'जी सर, कबूल है' म्हणायचं. फाटे फोडायचे नाहीत." मुलगा मान हलवत होता. मीही मध्ये पडले नाही, कारण मलाही तेव्हा हेच बरं वाटत होतं. कटकट मिटत होती, आणि कबूल करणं यात मान आहे असंच आम्ही दोघं आपापल्या घरी शिकलो होतो.

इतक्यात मागून आवाज आला, "अंकल, एक मिनट."

काळा कोट घातलेली एक तरुण वकील मुलगी उभी होती. आमच्या मुलापेक्षा थोडी मोठी असेल. म्हणाली, "सॉरी, मैं सुन रही थी. मराठी समझती हूँ, हम लोग नागपुर के हैं, बोलने में बस अटक जाती हूँ. इसे कबूल मत करवाइए."

मी तिला पहिलं वाक्य काय म्हणाले असेन? "तुम्हाला कुणी विचारलं?" असं म्हणाले. दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकायचं आणि वर सल्ला द्यायचा, याचा मला राग आला होता. आणि परक्या गावात मराठीत बोललं की कुणाला कळत नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा समज त्या पोरीनं एका क्षणात मोडला होता, त्याचाही असेल.

तिनं माझ्याकडे दुर्लक्ष केलं. मुलाला विचारलं, "करते क्या हो?" त्यानं विमानतळाचं सांगितलं, आणि पानांची, दर वर्षी ती देणाऱ्या मालकांची सगळी हकीकतही. तिनं डोक्यालाच हात लावला.

"देखो, जुर्म कबूल किया तो अदालत तुम्हें दोषी ठहराएगी. जुर्माना कितना भी छोटा हो, सज़ा वही कहलाएगी. चोरी की सज़ा. एयरपोर्ट के अंदर जाने का पास पुलिस जाँच के बाद बनता है. हर बार यही निकलेगा."

मी मुलाचा हात धरला. नवरा मात्र ताठ उभा राहिला. म्हणाला, "तो क्या झूठ बोले? डालियाँ इसने काटी हैं. धक्का इसने दिया है. मैंने इसे झूठ बोलना नहीं सिखाया."

"झूठ बोलने को कौन कह रहा है, अंकल? डालियाँ काटीं, सच है. मालिक बरसों से ख़ुद देते आए हैं, यह भी सच है. चोरी में नीयत देखी जाती है, वह तो किसी ने बताई ही नहीं. रहा धक्का, तो माफ़ी उससे माँगिए जिसे चोट लगी है. आप अदालत से क्यों माँग रहे हैं?"

नवरा खाली बसला. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला वाद असा अर्धवट सोडताना पाहिलं नव्हतं, आणि मी काही कमी प्रयत्न केलेले नव्हते.

तिनं मग समजावून सांगितलं. काही गुन्हे असे असतात की ज्याला इजा झाली आणि ज्याचं नुकसान झालं ते तयार असतील, तर कोर्टात समझोता होऊ शकतो, आणि तसा समझोता मान्य झाला की आरोपी 'बरी', म्हणजे निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. आमच्या कागदांवरची कलमं तिनं पाहिली, ती त्यातलीच होती. जामिनाची अट धमकावू नये म्हणून असते, पण एकटेदुकटे त्याच्या घरी जाऊ नका. दोन्ही वकिलांना सांगून, कोर्टाच्या समझोत्याच्या खोलीत, सगळ्यांसमोर भेटा, असं म्हणाली. मुलानं हळूच विचारलं, "और बाद में कोई पूछे तो? बरी होने के बाद 'कुछ नहीं हुआ' कह सकते हैं?"

"जो पूछा जाए, उसका जवाब. सज़ा हुई क्या, पूछें तो नहीं. कभी गिरफ़्तार हुए, मुक़दमा चला, पूछें तो हाँ, और आगे लिखो कि बरी हुआ. नौकरी मुक़दमे से कम, छिपाने से ज़्यादा जाती है."

एवढं बोलून ती गेली. मी धावत जाऊन तिचा नंबर घेतला. फीचं विचारलं तर हसली, "आंटी, केस तो आपके वकील साहब की ही रहेगी." आमच्या वकिलांना मी भीत भीत हे सांगितलं. ते रागावले नाहीत. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "ठीक कह रही है. मुझे पूछना चाहिए था कि लड़का करना क्या चाहता है." त्यांचीही मी ऋणी आहे. एवढ्या गर्दीत आपलं चुकलं म्हणणारे किती असतात?

बागेचे मालक लगेच तयार झाले. ठेकेदारालाही काही म्हणायचं नव्हतं. मालक म्हणाले, रखवालदार मानला तर आम्ही मानलो. म्हणजे सगळं त्या एका माणसावर आलं.

समझोत्याच्या खोलीत तो आमच्यासमोर बसला होता. माझ्या नवऱ्याच्याच वयाचा, गमछा कपाळापर्यंत ओढून घेतलेला. म्हणाला, "लड़का अस्पताल ले गया, मैंने सोचा अच्छे घर का है. फिर इतने महीने किसी ने झाँका तक नहीं. मैंने सोचा बड़े लोग हैं, काम निकल गया."

नवरा अटीचं सांगायला लागला, कोर्टाची ऑर्डर होती वगैरे. माझ्या तोंडाचा पट्टा सुटलाच. "हेच मी सांगत होते! हाल पूछने से किसने मना किया था?" समझोता घडवायला बसलेल्या बाईंनी मला गप्प बसायची खूण केली. नवरा उभा राहिला. मला वाटलं, आता निघून जातो की काय. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "ग़लती मेरी है. मुझे आना चाहिए था." त्या वाक्याला त्यानं एकही कारण जोडलं नाही.

रखवालदारानं मुलाकडे पाहिलं. "पहले यह बताओ, उन पत्तियों का करना क्या था?"

सणावाराला घरी थांबायचा कंटाळा करणारं आमचं पोरगं, त्या खोलीत त्या माणसाला दसरा समजावून सांगत होतं. संध्याकाळी आम्ही ही पानं एकमेकांना देतो. लहान मोठ्यांना देतात आणि पाया पडतात. वर्षभरात काही वाकडं झालं असेल तर त्या दिवशी ते सोडून देतात. माझ्याकडून शिकला असेल तर मला आठवत नाही. मी तर दर वर्षी त्याच्यावर ओरडतच असायचे.

त्या माणसानं कपाळावरचा गमछा मागे सारला. म्हणाला, "तो माँग लेते."

"हाँ, चाचा. माँग लेना था."

बस, एवढंच झालं. पैशाचा विषय आम्ही काढला, दवाखान्याच्या खर्चापुरता, तर त्यानं तो बाजूला सारला. कोर्टात त्याला विचारलं गेलं की काही दबाव आहे का, लालूच आहे का. नाही म्हणाला. मग आपणहून पुढे म्हणाला, "साहब, इसने भागने के बजाय मुझे अस्पताल पहुँचाया. यह किसी काग़ज़ में नहीं है. लिख लीजिए." न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं आणि लिहायला सांगितलं. मी पदर तोंडाला लावून रडले. त्या माणसाचे उपकार कसे फेडायचे, हे मला आजही कळत नाही. आंब्याच्या दिवसांत तो दशहरीची पेटी पाठवतो, म्हणजे ओझं वाढतंच आहे.

मुलगा निर्दोष सुटला. पुढच्या वर्षी विमानतळावरच्या एका कंपनीनं त्याला निवडलं, पासासाठी अर्ज गेला, आणि चौकशीला ठाण्यातून एक शिपाई घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, म्हणाला, "पुराना कोई मुक़दमा?" नवऱ्यानं कोर्टाचा हुकूम पुढे ठेवला. शिपायानं वाचला. भला माणूस होता. म्हणाला, "बरी तो हो ही गया है. 'कोई नहीं' लिख दूँ? झंझट नहीं रहेगा."

खरं सांगते, मला वाटलं, लिहू दे बाबा. मुलगाच म्हणाला, "नहीं भैया. था, और बरी हुआ. अर्ज़ी में भी मैंने यही लिखा है."

त्याच्याबरोबर निवडलेल्या सगळ्यांचे पास आले. त्याचा आला नाही. आठवडे जात राहिले. तो रोज सकाळी तयार होऊन बसायचा आणि वरून विमान गेलं की मोबाईलमध्ये तोंड खुपसायचा. एकदा ताटावरून उठत म्हणाला, "सच लिखकर फँस गए ना, मम्मी?" ताटात भात टाकला म्हणून मी त्याला ओरडले, आणि स्वयंपाकघरात जाऊन देवाशी भांडले.

मग पास देणाऱ्या कार्यालयातून त्याला बोलावणं आलं. हुकुमाची प्रत मागितली, त्यातलं ते अस्पतालवालं वाक्य एका अधिकाऱ्यानं मोठ्यानं वाचलं, म्हणे, आणि दोन प्रश्न विचारून त्याला घरी पाठवलं. त्यानंतर काही दिवसांनी पास आला. गळ्यात अडकवून तो घरभर फिरला. नवरा त्याच्यामागे फिरत होता, पट्टा सरळ करत.

मी आधी रखवालदाराला फोन केला आणि मग त्या वकील मुलीला. म्हटलं, "बाळा, तू त्या दिवशी बोलली नसतीस तर आमचं काय झालं असतं?" मला वाटलं होतं, ती नेहमीसारखी हसून 'कुछ नहीं, आंटी' म्हणेल.

ती हसली नाही. म्हणाली, "आंटी, सच बताऊँ? मैं बोलने वाली नहीं थी. दूसरे वकील के क्लाइंट से बात करना ठीक नहीं माना जाता, उसी हफ़्ते सीनियर से इसी बात पर डाँट खाई थी. आप लोगों की बात सुनी और उठकर चली गई. सीढ़ियाँ उतर गई थी मैं, गेट तक पहुँच गई थी."

"मग?" मी विचारलं.

"फिर लगा, अब तक तो नाम की पुकार हो गई होगी, कबूल भी कर लिया होगा. भागकर आई, तो आप लोग वहीं बैठे थे."

त्या दिवशी आमच्या आधी ज्यांची केस होती ती लांबली म्हणून मी बाकावर बसून कोर्टाला नावं ठेवत होते, आणि त्याच उशिरानं तिला परत यायला वेळ दिला होता. फोनवर मी एवढंच म्हटलं, "रविवारी जेवायला ये गं."